तुझ्या ट्रकला फुटलेली सोंड

प्रिय व्लादेता,

तुला, तुझ्या बायकोला आणि दोन्ही पोरींना आम्हां सर्वांचा नमस्कार. तुमच्या तब्येती कशा आहेत? तुझ्या कंबरेला तिकडे ऑस्ट्रियात ग्राट्सची थंडी मानवते का? (बांधकामावर सिमेंटची पोती स्वतः उचलत असशील तर नको उचलूस. आपल्या घराण्यात कंबर कुणाचीच साठीपर्यंत टिकलेली नाही.) इकडे मी ठीक आहे. रुझित्साही ठीक आहे. तिच्या म्हणण्याप्रमाणे ती मुळीच ठीक नाही, पण बायको हे इतक्या खणखणीत आवाजात सांगते की मी काळजी करायचं सोडून दिलं आहे. आलुबुखार यंदा भरपूर आले, भट्टीतून राकिया उत्तम उतरली. काकूचं, म्हणजे तुझ्या आईचं, सविस्तर खाली लिहितोच. तुझ्या ट्रकचीही प्रकृती उत्तम आहे. त्याला फक्त एक सोंड फुटली आहे.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू मागे यंत्र घरघरत असताना "हो हो, बरं बरं" म्हणतोस आणि ठेवतोस, आणि पुढच्या वेळी तुला यातलं काही आठवत नाही. पत्र निदान शेवटपर्यंत वाचशील. मधलं गाळू नकोस, कारण मधलं गाळून शेवट वाचलास तर मी वेडा झालो आहे असं तुला वाटेल.

वसंतातल्या पुराने आपला पूल नेला हे तुला माहीत आहे. नव्या पुलाचं काम सुरू झालं आहे, म्हणजे "येथे पूल होणार" असा फलक लागला आहे. फलक इतका भक्कम रोवला आहे की तानासिये म्हणतो, तोच आडवा टाकला असता तर माणसं गेली असती. (तानासिये अजून नदीकाठच्या पहिल्या घरात राहतो, आणि कुणाचं काय बिघडणार हे आधी सांगून ठेवणं हा त्याचा पेन्शनीतला उद्योग आहे.) डोंगरावरून वळसा घालून जायचा जो रस्ता होता तो दरड कोसळून बंद. तेव्हा काकूचं घर नदीच्या पलीकडे आणि दुकान, चर्च, डॉक्टर व आम्ही सगळे अलीकडे, अशी वाटणी झाली. उन्हाळ्यात पाणी गुडघ्याएवढं होतं तोवर कुणाला काही वाटलं नाही. पानगळीचा पाऊस लागला आणि नदी ओलांडायच्या जागी पाणी छातीला आलं.

आणि नेमकी त्याच आठवड्यात काकूच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आली. गेल्या हिवाळ्यात नाव नोंदवलं होतं, ती तारीख आत्ता लागली. चुकली तर पुन्हा रांगेच्या शेपटाला, म्हणजे आणखी एक हिवाळा. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत पिकलाय. तुला ती फोनवर सांगते की सगळं स्वच्छ दिसतं, काही नाही, थोडं धुरकट. खरं सांगू? तिला नुसता उजेड आणि अंधार कळतो. चूल पेटली की नाही हे ती हात पुढे करून बघते. मी दारात उभा राहिलो तर विचारते, "कोण?" आणि मी बोलल्यावर म्हणते, "तेच म्हटलं, ओब्रादच आहे." मला हे बघवत नव्हतं. म्हणून ठरवलं, काय वाटेल ते होवो, शुक्रवारी सकाळी काकूला उझित्सेच्या दवाखान्यात पोचवायचंच.

तू म्हणशील, तानासियेच्या ट्रॅक्टरवर बसवायचं. तो ट्रॅक्टर त्या पाण्यातून म्हशीसारखा जातो, मी त्यावरूनच काकूकडे पीठ-मीठ नेत होतो. पण ट्रॅक्टर चारी बाजूंनी उघडा. काकू म्हणाली, "ओब्राद, मला डोळे करायला नेतोयस की फुफ्फुसं घालवायला?" आपल्या लोकांचं तुला काय सांगायचं. युद्ध सोसू, पूर सोसू, पण समोरासमोरच्या दोन उघड्यांमधून आरपार वारा लागला की माणूस संपला. माझ्या सासऱ्यांना ऐकू येईनासं झालं ते आरपार वाऱ्याने. (चाळीस वर्षं लाकडाच्या गिरणीत करवतीशेजारी उभे होते, पण त्याचा काही संबंध नाही.) रुझित्साच्या मामेबहिणीचा काडीमोडसुद्धा आरपार वाऱ्याने झाला, कारण नवरा झोपताना खिडकी उघडी टाकायचा. काकूला बंद केबिन हवी होती. बंद केबिनचं आणि पाण्यात उतरू शकेल असं वाहन गावात एकच, ते माझ्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभं होतं, आणि त्याच्या मालकाने ऑस्ट्रियाला जाताना मला बजावलं होतं की याला हात लावायचा नाही. मी एक दिवस हात लावला नाही. नुसता बघत बसलो.

लष्कराच्या लिलावातून तू ट्रक घेतलास ते शहाणपणाचं होतं, यात वाद नाही. उंच आहे, चाकं रेड्यासारखी. अडचण एकच. हवा ओढायचं त्याचं तोंड बॉनेटच्या आत, उजव्या चाकाच्या डोक्यावर आहे आणि नदी त्याच्याही वीतभर वर वाहत होती. डिझेल इंजिनाने नाकातून पाणी ओढलं की आतले दांडे वाकतात आणि मग तो ट्रक राहत नाही, भंगार होतो. उपाय सोपा आहे, लहान पोरालाही सुचेल: नाक वर न्यायचं. बॉनेटच्या कडेला भोक पाडून एक नळी काढायची, खिडकीच्या बाजूने छपराएवढी उंच चढवायची आणि वर एक वाकडं तोंड बसवायचं. बाहेरच्या देशांत याला स्नॉर्केल म्हणतात आणि लोक ते विकत आणतात. आपण विकत का आणायचं?

पहिली सोंड न्हाणीघराच्या सांडपाण्याच्या उरलेल्या प्लास्टिकच्या नळीची केली. दिसायला सुरेख. पण इंजिन तापल्यावर आतला वाकडा भाग मऊ पडला आणि शिजलेल्या शेवयांसारखा खाली बसला. तानासिये तिथेच उभा होता. तो म्हणाला, "मी बोलणार होतो." मी विचारलं, मग बोलला का नाहीस? तर म्हणे, "तू रंगात आला होतास."

म्हणजे पत्राच हवा. गोल, हातभर रुंद नाही पण वीतभर तरी, आणि कोपरासकट. अंगणात उभा राहून मी विचार करत होतो आणि समोर उन्हाळी स्वयंपाकघरातून चुलीचं धुराडं वर गेलेलं दिसत होतं. व्लादेता, देव माणसाच्या डोळ्यासमोर ठेवतो, आपणच बघत नाही. दोन सरळ तुकडे, दोन कोपरं, सगळं एकात एक बसणारं. रुझित्सा त्या वेळी अंगणात आयवारच्या चटणीसाठी मिरच्या भाजत होती, बाहेरच्या भट्टीवर, त्यामुळे आतल्या धुराड्याची तिला त्या घडीला गरज नव्हती. (असं मी माझ्यापुरतं समजलो. तिचं समजणं वेगळं होतं आणि तिने ते नंतर सांगितलं.) मी ग्राइंडर लावला, बॉनेटच्या बाजूला ताटलीएवढं भोक पाडलं, नळी बसवली, पट्ट्यांनी आवळली आणि ट्रक सुरू केला. एक गोष्ट विसरलो. धुराडं झटकलं नव्हतं. आणि एअर फिल्टर धुवायला काढून ठेवला होता. तुझ्या ट्रकने आत दोन वर्षांची काजळी ओढली, क्षणभर थांबला, आणि मागच्या नळकांड्यातून ती सगळी अंगणात सोडली. मिरच्या पुन्हा धुवाव्या लागल्या. रुझित्सालाही. संध्याकाळपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही, त्यामुळे काम भराभर झालं.

आता मुख्य गोष्ट लक्षपूर्वक वाच, कारण पुढचं सगळं यावर आहे. सोंडेचं सगळं मर्म सांध्यांत. खाली कुठे बारीकशी फट राहिली तर वरचं तोंड चंद्रापर्यंत नेलं तरी इंजिन खालून पाणीच ओढणार. फट आहे की नाही हे कळायची युक्ती अशी: इंजिन चालू ठेवायचं, शिडीवर चढायचं आणि सोंडेच्या तोंडावर तळहात दाबून धरायचा. इंजिन चालूच राहिलं तर कुठून तरी हवा येतेय. इंजिन गुदमरून बंद पडलं तर काम चोख. माझं इंजिन पहिल्यांदा चालूच राहिलं. दुसऱ्यांदाही. मी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या, सिलिकॉन भरलं, वर खिडकीच्या काचांना लावतात ती पुट्टी थापली. तानासिये शिडी धरायला होता, म्हणजे शिडीला टेकून राकिया पीत होता. शेवटी गुरुवारी सूर्य मावळताना मी तळहात ठेवला आणि इंजिन गपकन मेलं. एवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. (हे वाक्य मोठ्याने वाचू नकोस.) तानासियेने वर सोंडेकडे बघितलं, पेला खाली ठेवला आणि म्हणाला, "जाईल. परत येणार नाही."

शुक्रवारी उजाडताच निघालो. तानासिये माझ्या आधीच काठावर, ट्रॅक्टर सुरू, दोर बांधून तयार. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ट्रक पाण्यात उतरला, पाणी बॉनेटवरून गेलं, आणि सोंडेतून वर नुसता हूं हूं आवाज. मी पलीकडच्या काठावर चढलो तेव्हा आजोबा हे बघायला असते तर बरं झालं असतं, असं मनापासून वाटलं.

काकू तयारच होती. चर्चला जायचा काळा पोशाख, डोक्याला रुमाल, गळ्यात लोकरीचा लांब गळपट्टा (तो तपकिरी, तूच पाठवलेला), मांडीवर पिशवी, पिशवीत धुतलेला झगा आणि चीज भरलेली पाई. दवाखान्यात उपाशी बोलावलंय म्हटलं तर म्हणाली, "मला बोलावलंय उपाशी. तुला नाही." तिला माझ्या उजव्या बाजूला बसवलं, खिडकीची काच वर केली. वरचं रबर फाटल्यामुळे ती काच तळहाताएवढी उघडी राहते, हे तुला माहीत आहे. आणि सोंड त्या खिडकीला लागूनच वर गेली होती, तिचं वाकडं तोंड मागे वळलेलं. काकूने मान तिरकी करून ऐकलं. "हा कसला आवाज?" म्हटलं, ट्रक श्वास घेतोय. "इथून?" म्हटलं, हो. ती काही बोलली नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं, कारण काकू गप्प बसते ती पटलं म्हणून नव्हे.

नदीच्या बरोबर मध्यावर इंजिन खोकलं, मागून काळा धूर सोडला आणि बंद पडलं.

व्लादेता, मी सगळी प्रार्थना एका दमात म्हटली. मला वाटलं पाणी आत गेलं, दांडे वाकले, तुझा ट्रक संपला. पण तुला खरं सांगतो, तुझ्या ट्रकचं मला तेवढं नाही वाटलं. मला धास्ती पडली ती तारखेची. मनात आलं, आता ही बाई आणखी एक हिवाळा हात पुढे करून चूल चाचपडणार, आणि तो माझ्या कारागिरीमुळे. दाराच्या फटीतून पाणी आत येऊन घोट्याला लागलं. काठावर तानासिये उभा राहून हातवारे करत होता, ऐकू काही येत नव्हतं पण तो काय म्हणत असणार हे मला पाठ आहे. काकूने पाय उचलून सीटवर घेतले आणि शांतपणे विचारलं, "पोचलो?"

मी माझ्या खिडकीतून बाहेर निघालो, बॉनेटवर चढलो, सांधे चाचपले. सगळे घट्ट. एका फटीतून थेंब गेला असेल तर शपथ. मग छपराच्या कडेला धरून सोंडेच्या तोंडाशी पोचलो. तिथून वीतभर तपकिरी लोकर बाहेर लोंबत होती. मी ओढली. ओढतच राहिलो. कोपरापर्यंत आत गेलेला तो गळपट्टा बाहेर यायला इतका वेळ लागला की तानासियेने हातवारे थांबवले.

"काकू," मी वरून ओरडलो, "हे काय?"

"गळपट्टा. आण इकडे, माझी मान उघडी पडलीय."

"तो सोंडेत कसा गेला?"

"मीच घातला. तिथून वारा येत होता."

मी तिला समजावलं की त्यातून वारा बाहेर येत नाही, उलट आत जातो. इंजिन तो ओढून घेतं, ते त्यावरच जगतं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आत गेला म्हणजे कुठून तरी बाहेर निघणार ना?" म्हटलं, निघतो, मागच्या नळकांड्यातून. "म्हणजे एक तोंड पुढे उघडं, एक तोंड मागे उघडं," काकू म्हणाली, "आणि मधे मी. ओब्राद, तू हे मुद्दाम केलंस का रे?"

 मी बॉनेटवर बसून विचार केला, आणि जितका विचार केला तितकं तिचंच खरं वाटू लागलं. डिझेल इंजिन म्हणजे सरळसरळ आरपार वाराच आहे. आणि दुःख याचं की मी सांधे इतके चोख केले नसते, कुठे चार फटी ठेवल्या असत्या, तर गळपट्टा घालूनही इंजिन चालू राहिलं असतं. (मग पाणी आत जाऊन इंजिन फुटलं असतं, हे आहे. पण त्या क्षणी माणसाला एवढं पुढचं सुचत नाही.)

गळपट्टा तिच्या गळ्यात दोन वेढे घालून बांधला, काचेच्या फटीत माझं जाकीट कोंबलं आणि चावी फिरवली. तिसऱ्या खेपेला ट्रकने घसा साफ केला आणि सुरू झाला. आम्ही काठावर चढलो तेव्हा तानासिये इतका खट्टू दिसला की मला त्याची दया आली. आता तो गावात सांगतो की त्यानेच ओढून काढलं. मी विरोध करत नाही; सकाळपासून दोर बांधून उभा होता बिचारा. दवाखान्यात आम्ही वेळेवर पोचलो. काकू आत गेली आणि मी गुडघ्यापर्यंत ओल्या पँटने तिथल्या बाकावर बसून चीजची पाई खाल्ली, सगळी. ऑपरेशन छान झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डावा डोळा आता तरुण मुलीसारखा आहे.

तर असं आहे सगळं. सध्या काकू आमच्याकडेच आहे, पाणी उतरेपर्यंत. रुझित्साच्या आयवारमध्ये मीठ कमी आहे हे तिने एका डोळ्याने ओळखलं. तुझ्या बायकोला आणि पोरींना आशीर्वाद, कंबरेला जप.

तुझा चुलत भाऊ,
ओब्राद

ता. क. भोकाबद्दल वाईट वाटून घेऊ नकोस. कडा घासून गुळगुळीत केल्या आहेत आणि हिरवा रंग लावला आहे. तंतोतंत तोच हिरवा नाही, कुंपणाचा उरलेला होता. पण सोंडेमुळे ट्रकला एक भारदस्तपणा आला आहे, लोक थांबून बघतात.

ता. क. दुसरं: रुझित्साला धुराडं परत हवं आहे. थंडी पडली आहे आणि उन्हाळी स्वयंपाकघरातला धूर सध्या दारातून बाहेर जातो. तिकडे दुकानात अशी तयार सोंड मिळत असेल तर एक घेऊन ठेव. टपालाने नको पाठवूस, वाटेत चेपेल.

ता. क. शेवटचं, आणि पत्र खरं यासाठीच लिहायला घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी काकूची पट्टी काढली तेव्हा मी समोर उभा होतो. तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "ओब्राद? अरे, तू एवढा म्हातारा कधी झालास?" मी हसलो. ती हसली नाही.  परतीच्या अर्ध्या वाटेत तिने विचारलं, "व्लादेता तुझ्याहून दोनच महिन्यांनी धाकटा ना?" म्हटलं, हो.  तिच्या लेखी तू अजून पिशवी खांद्याला लावून पूल ओलांडून गेलास तेव्हाएवढाच तरुण होतास. उजव्या डोळ्याची तारीख तिने घेतलीच नाही. डॉक्टरीणबाईंना सांगून आली की मुलगा येईल तेव्हा तोच आणेल. मी रागावलो, तर म्हणाली, घरकामाला एक डोळा पुरतो.

आपल्या कुळाच्या संताच्या सणाला ये, व्लादेता. नदीच्या काठापर्यंत ये, पुढे मी आणतो. ट्रकवरून मला काय बोलायचं ते तिच्यासमोर बोल, तिला बघत बसू दे. आणि येताना केस रंगवून येऊ नकोस.